ईबुकात मराठी अक्षरं का फुटतात? आधी मजकूर तपासा, मग फाइलचा प्रकार ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पुस्तक डीटीपी सेंटरवर लावून घेतलं, छापून झालं, आणि आता तेच मोबाइलवर वाचता यावं म्हणून त्याचं ईबुक करायला घेतलं, की तक्रारी ठरलेल्या असतात. पीडीएफ पाठवली तर अक्षर बारीक दिसतं. ईपब, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणारा ईबुकचा प्रकार, केली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. ॲमेझॉनच्या किंडल रीडरवर पाठवली तर फाइल परत येते, किंवा उघडते पण वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. मग कुणी सांगतं मोबी, म्हणजे किंडलचा जुना फाइलप्रकार, करा, कुणी सांगतं ऑनलाइन कन्व्हर्टर वापरा, आणि एकाच पुस्तकाच्या सहा फाइली होतात. धड एकही नसते.

यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचा फाइलच्या प्रकाराशी संबंधच नसतो. दुखणं आतल्या मजकुराचं असतं, आणि ते प्रकार बदलून जात नाही. म्हणून आधी मजकूर.

मराठीच्या जागी साधी इंग्रजी अक्षरं दिसतात

हा जुन्या फॉन्टचा प्रकार. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, आयएसएमचे सुरेख वगैरे फॉन्ट ज्या काळात आले तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी पद्धत, रुळलेलं नव्हतं. त्यांत फाइलमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात; फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. छापखान्यात हे चालतं, कारण तिथे फॉन्ट कायम हजर असतो. ईबुक वाचणारं ॲप स्वतःचा फॉन्ट लावतं, आणि मुखवटा गळून पडतो.

खात्री करायला दहा सेकंद लागतात. वर्डमध्ये एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल करा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसू लागली तर जुनी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची जुनी पद्धत, आहे आणि पुढचं काहीही करण्याआधी ती बदलायला हवी.

बदलणारे कन्व्हर्टर बरेच आहेत, पण कन्व्हर्टर त्या नेमक्या फॉन्टचा हवा. 'श्रीलिपी' म्हणून एकच एन्कोडिंग नाही. तिच्या वेगवेगळ्या फॉन्टमालिकांचे कोड वेगळे आहेत. चुकीची मालिका निवडली तर ऐंशी टक्के अक्षरं बरोबर येतात, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण वरवर पाहता काम झालं असं वाटतं. दुसरी अडचण मिश्र मजकुराची. पुस्तकात मधेच खरं इंग्रजी असेल, म्हणजे औषधाचं नाव, ईमेल, वेबपत्ता, तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून गुंडाळतो. वर्डच्या 'फाइंड'मध्ये फॉन्टनुसार शोधता येतं; आधी जुन्या फॉन्टमधला मजकूर तेवढा निवडून बदला, बाकीच्याला हात लावू नका.

रूपांतर झालं की डोळ्यांखालून घालायच्या जागा ठरलेल्या आहेत: रफार, ऱ्या आणि ऱ्ह, श्र, द्य, द्ध, ह्य, क्ष, अवतरणचिन्हं, अपूर्णांक. शेतीच्या किंवा पाककृतीच्या पुस्तकात रुपयाचं चिन्हही बघा. ते २०१० साली आलं, आणि सुरुवातीला लोकांनी जो खास फॉन्ट वापरला त्यात ते कीबोर्डवरच्या उलट्या टिंबटिकलीच्या, म्हणजे बॅकटिकच्या जागी बसवलं होतं. फॉन्ट गेला की तिथे रुपयाऐवजी ती बारीक तिरकी रेघ उरते. फाइलभर शोधून खरं ₹ टाका.

डीटीपीवाल्याकडून पेजमेकर किंवा कोरलची फाइल मिळाली तर एक प्रश्न आधी विचारा: मजकूर 'कर्व्ह' केला आहे का? कोरलमध्ये छपाईला देताना अक्षरांच्या आकृत्या करून टाकायची पद्धत आहे. तशा फाइलमध्ये मजकूर उरलेलाच नसतो, नुसती चित्रं असतात. आधीची, कर्व्ह न केलेली फाइल मिळाली तर ठीक, नाहीतर पुन्हा टाइप करणं किंवा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) एवढेच मार्ग.

अक्षरं मराठी आहेत, पण विचित्र आहेत

इथे दोन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात, म्हणून नीट बघा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्यामागे चार शिंगं फुटलेलं गोल चिन्ह, असं जोडीजोडीने पानभर दिसत असेल, तर मजकूर चांगला युनिकोड आहे. वाचणाऱ्या यंत्रणेला तो यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) आहे हे कळलेलं नाही, एवढंच. 'सेंड टू किंडल' या ॲमेझॉनच्या सेवेने पाठवलेल्या ईपबमध्ये हे होतं, कारण आतल्या प्रत्येक प्रकरणाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंगची घोषणा नसेल तर तिथे भलतीच एन्कोडिंग गृहीत धरली जाते. तीच फाइल फोनवर मात्र व्यवस्थित उघडते, म्हणून माणूस गोंधळतो. उपाय सोपा: कॅलिबर या मोफत ईबुक प्रोग्रॅममध्ये ईपबचं पुन्हा ईपबमध्येच रूपांतर करा. कॅलिबर ती ओळ स्वतः घालतं.

दुसरं दुखणं म्हणजे 'कि'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर, रफार एक घर पुढे, जोडाक्षरं सुटी. हा मजकूर जवळजवळ नेहमी पीडीएफमधून उचललेला असतो. पीडीएफमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर कागदावर दिसतात त्या क्रमाने मांडलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यायला हवी. इंग्रजीत हा फरक पडत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांसाठी बरा चालणारा पीडीएफ-ते-ईपब कन्व्हर्टर मराठीत माती खातो. फाइंड-रिप्लेसने हे सुधारत बसू नका. मूळ वर्ड फाइल शोधा. ती नसेलच तर पीडीएफची पानं ३०० डीपीआयच्या प्रतिमा करून ओसीआरला द्या. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठी आहे, गूगल ड्राइव्हवर फाइल टाकून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं तरी मजकूर निघतो. मुद्रितशोधन मात्र ओळ न ओळ करावं लागेल: ध-घ, भ-म, ख-रव या जोड्या हमखास फसतात.

अहिराणीच्या पुस्तकाला ओसीआर लावताना जास्तच सावध राहा. हे प्रोग्रॅम प्रमाण मराठीच्या मजकुरावर शिकवलेले असतात. पुसट छपाईतला 'शे', 'मना', 'तठे' ते जवळच्या मराठी शब्दाकडे ओढू शकतात, आणि चूक अर्थपूर्ण शब्दाची असल्यामुळे नजरेतून सुटते. अशा पुस्तकाचं शोधन अहिराणी बोलणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि वर्डचं स्पेलिंग तपासणं व ऑटोकरेक्ट त्या फाइलपुरतं बंद ठेवा.

'दुसऱ्या'चा रफार होतो

हे वेगळं सांगायला हवं, कारण यात चूक दिसायला बारीक आणि उच्चारात मोठी. ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तो जोडक कुठेतरी पुसला गेला की वऱ्हाडाचा रफार होतो. पुसतो कोण? मजकूर 'स्वच्छ' करणारी साधनं, 'अदृश्य चिन्हं काढा' असला पर्याय, कधीकधी ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट करणं. काम सुरू करतानाच संपूर्ण फाइलमध्ये दुसऱ्या प्रकाराच्या जागी पहिला घालून घ्या. मग पुसायला अदृश्य असं काही उरत नाही. त्याच बैठकीत ॲसुद्धा एकसारखा करा. 'अ'वर चंद्र देऊन केलेला ॲ काही ठिकाणी मधे तुटक वर्तुळ दाखवतो. स्वतंत्र ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून आहे, तेच ठेवा. फार जुन्या यंत्रांवर ते चौकोन दाखवेल, पण तेवढं सोसावं.

फॉन्ट घातला तरी जोडाक्षरं सुटी

ईपबमध्ये फॉन्ट घालता येतो, म्हणून लोकांना वाटतं की फॉन्ट दिला की काम झालं. फॉन्टमध्ये नुसते आकार आणि ते जोडायचे नियम असतात. ते नियम पाळणारं इंजिन ॲपमध्ये किंवा रीडरमध्ये असतं. जुन्या ई-इंक (कागदासारख्या पडद्याच्या) रीडरमध्ये देवनागरीसाठी ते नसेल तर जगातला कुठलाही फॉन्ट घाला, 'क्त' सुटाच दिसणार. अशा यंत्रासाठी एकच तोड: त्या पडद्याच्या मापाची पीडीएफ. सहा इंची रीडरचा पडदा साधारण ९ × १२ सेंटिमीटर असतो. वर्डमध्ये पानाचं माप तेवढं ठेवा, समास ४-५ मिलिमीटर, अक्षर ११-१२ पॉइंट, आणि 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. 'प्रिंट टू पीडीएफ' नको, त्यात सूचीचे दुवे जातात.

फॉन्ट घालायचाच तर मुक्त परवान्याचा घ्या: नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता, तिरो देवनागरी मराठी. यांतला तिरोचा मराठी प्रकार सोयीचा, कारण ल आणि श मराठी वळणाचे मुळातच आहेत. इतर बऱ्याच फॉन्टमध्ये हे वळण ईपबची भाषा 'मराठी' नोंदवली तरच येतं, नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसतो आणि वाचकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. श्रीलिपीचे किंवा विंडोजसोबत आलेले फॉन्ट परवाना न वाचता घालू नका. आणि किंडलवर तुमचा फॉन्ट दिसत नाही अशी तक्रार आली तर आधी वाचकाला अक्षरांच्या मेनूत 'पब्लिशर फॉन्ट' निवडायला सांगा.

मग प्रकार कोणता?

ज्या पुस्तकात मजकूर मुख्य आहे, म्हणजे कथा, लेख, आठवणी, कवितासुद्धा, त्याला ईपब. त्यातही ईपब ३. ईपब म्हणजे वेबपानांचं एक झिप गाठोडं. वाचक अक्षर मोठं करतो तशा ओळी नव्याने बसतात. ॲपलचं बुक्स ते थेट उघडतं, गूगल प्ले बुक्समध्ये अपलोड करून वाचता येतं, आणि २०२२ पासून 'सेंड टू किंडल'ही घेतं.

पीडीएफ छपाईसाठी, आणि ज्या पानाची मांडणी हलता कामा नये त्यासाठी. ए४ची पीडीएफ फोनवर का वाचवत नाही याचं गणित सरळ आहे. कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर. म्हणजे सगळं एक तृतीयांश होतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं दिसतं. तरीही ज्येष्ठ वाचकांना नवं ॲप नको असतं, व्हॉट्सॲपवर आलेलं बोट लावताच उघडायला हवं असतं. त्यांच्यासाठी वेगळी पीडीएफ करा: पान १० × १६ सेंटिमीटर, समास ६ मिलिमीटर, अक्षर १६ पॉइंट. फोनवर ते सुमारे ११ पॉइंटचं दिसेल. पानं दीड-दोनशे वाढली तरी बिघडत नाही, कागद थोडाच लागणार आहे.

मोबीचा नाद सोडा. ॲमेझॉननेच 'सेंड टू किंडल'वर मोबी घेणं बंद केलं आहे. केबलने किंडलमध्ये टाकायची असेल तर कॅलिबरमधून एझेडडब्ल्यू३ हा किंडलचा फाइलप्रकार करा. ईपब नुसती कॉपी केली तर किंडलच्या यादीत ती दिसत नाही. विक्रीसाठी केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनाच्या साइटवर, ईपब चढवा. वर्डची फाइलही तिथे चालते, पण काय बदललं यावर ताबा राहत नाही.

मुलांच्या चित्रपुस्तकाला ठरीव मांडणीची ईपब करता येते. मेहनत मोठी, आणि ती सगळीकडे सारखी दिसत नाही; विकायचं नसेल तर पीडीएफच बरी.

या सगळ्यांच्या मागे एक मूळ फाइल हवी: युनिकोड, वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये, शीर्षकांना 'हेडिंग १' ही शैली लावलेली. दुरुस्ती फक्त तिच्यात. ईपब आणि दोन्ही पीडीएफ तिच्यातून काढायच्या. ईपबमधून पीडीएफ, पीडीएफमधून वर्ड, असा उलटा प्रवास नको.

ईपब काढताना काय बिघडतं

लिबरऑफिसमध्ये थेट ईपब निर्यात २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून आहे. गूगल डॉक्समधूनही ईपब डाउनलोड होते, आणि साध्या पुस्तकाला ती पुरते. जास्त ताबा हवा तर वर्डची डॉकएक्स फाइल कॅलिबरमध्ये घ्या.

कॅलिबरची एक खोड मराठी पुस्तकांना नडते. प्रकरणं ओळखायला ते मूळ सेटिंगमध्ये 'चॅप्टर', 'पार्ट' असे इंग्रजी शब्द शोधतं. 'प्रकरण ३' त्याला कळत नाही. डॉकएक्समध्ये हेडिंग शैली लावलेली असेल तर सूची तिच्यावरून बनते. एचटीएमएलवरून करत असाल, किंवा सूची रिकामी आली, तर रूपांतराच्या खिडकीत 'टेबल ऑफ कंटेंट्स' विभागात पहिल्या पातळीसमोरचं जादूच्या कांडीचं बटण दाबून एच१, म्हणजे पहिल्या पातळीचं शीर्षक, निवडा, आणि आपोआप बनवलेलीच सूची वापरा असा पर्याय टिक करा. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं केलेलं असेल तर कुठलंच साधन त्याला शीर्षक मानणार नाही.

ओळींमधलं अंतर वर्डमध्ये 'एक्झॅक्टली' असं बांधलेलं असेल तर ईबुकात मात्रा वरून आणि उकार खालून कापले जातात. 'मल्टिपल' करून १.५ ठेवा. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. ते शून्य करा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस मराठीत टाळाच, काना-मात्रा मागे राहतात. मजकूर दोन्ही बाजूंनी ताणू नका. फोनच्या अरुंद ओळीत 'महानगरपालिकेच्या'सारखा एक शब्द आला की बाकीच्या शब्दांत खिंडारं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं.

कवितेच्या ओळी स्पेस किंवा टॅब मारून पुढे सरकवल्या असतील तर त्या फोनवर विस्कटणारच. कानबाईची गाणी, ओव्या, म्हणजे लांब ओळींचं साहित्य असेल तर प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद करा. डावा समास दीड एम (एक एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं अंतर) आणि पहिल्या ओळीचा इंडेंट उणे दीड एम द्या. ओळ मावली नाही तर उरलेला भाग आत सरकून येतो, आणि नवी ओळ कुठली, मोडलेली कुठली, ते कळतं. कडव्यांमधली जागा रिकाम्या ओळीने नव्हे, कडव्याच्या शेवटच्या ओळीखाली अंतर देऊन ठेवा.

तक्ते ही ईपबची दुखरी नस. केळीच्या ठिबकमधून द्यायच्या खतांचा तक्ता घ्या: आठवडा, युरिया, फॉस्फरिक ॲसिड, पोटॅश, एकरी मात्रा, झाडामागे मात्रा, शेरा. सात रकाने फोनवर मावत नाहीत. काही ॲप उजवीकडचे सरळ कापतात. आणि कापलेल्या रकान्यातला आकडा वाचकाला दिसला नाही तर नुकसान पुस्तकाचं नाही, बागेचं होतं. तीन रकान्यांचे दोन-तीन तक्ते करा, किंवा आठवड्यागणिक छोटी यादी द्या. तक्त्याचं चित्र करून टाकलं तर अक्षर मोठं होत नाही आणि शोधताही येत नाही. करावंच लागलं तर रुंदी निदान १२०० पिक्सेल ठेवा.

मुखपृष्ठ केडीपीसाठी उंच २५६०, रुंद १६०० पिक्सेल. आतली चित्रं जेपेग करून, रुंदी १२००-१६०० च्या आसपास. प्रत्येक चित्र ५ एमबीचं ठेवलं तर केडीपीच्या ७० टक्के रॉयल्टीच्या योजनेत फाइलच्या आकारानुसार पोहोचवण्याचा खर्च तुमच्या वाट्यातून कापला जातो.

फाइल नाकारली जाते

ईपब उघडून आत काही बदललं आणि विंडोजच्या 'सेंड टू झिप'ने पुन्हा बांधलं, तर ती बहुधा नाकारली जाते. या गाठोड्यात 'माइमटाइप' नावाची एक चिमुकली फाइल सगळ्यांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते. विंडोज तसं बांधत नाही. बदल सिजिल या ईपब संपादकात किंवा कॅलिबरच्या 'एडिट बुक'मध्येच करा. आतल्या फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा.

'सेंड टू किंडल' कारण न देता परत पाठवत असेल तर भाषेची नोंद बघा. ती रिकामी किंवा 'अनोळखी' असेल तर मराठी करा. अहिराणी पुस्तकालाही तिथे मराठीच द्या. केडीपीच्या यादीत अहिराणी नाही, आणि फॉन्टही मराठीची नोंद ओळखतात. अहिराणीचा उल्लेख उपशीर्षकात आणि माहितीपर मजकुरात करा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. आकार बघा: ईमेलने ५० एमबी, वेबपानावरून २०० एमबी ही मर्यादा आहे. तरीही अडलं तर ईपबमधल्या चुका शोधणारं ईपबचेक चालवा. ते ओळ क्रमांकासकट चूक दाखवतं. 'एरर' असेल ते सगळं दुरुस्त करा, 'वॉर्निंग'ने सहसा अडत नाही.

पाठवण्याआधी

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तात्पुरती एक ओळ टाका: दुसऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, सूर्य, लक्ष्मी, ज्ञान, द्वंद्व, शृंगार, ॲसिड, ट्रॅक्टर, ऑक्टोबर, ₹. अँड्रॉइडवर प्ले बुक्स, एखादा आयफोन आणि संगणकावर किंडल प्रीव्ह्यूअर, या तिन्हीत ती नीट दिसली तर मजकूर निर्धोक. अक्षर सर्वांत मोठं करूनही एकदा पानं उलटा; तक्ते आणि कवितेच्या ओळी तेव्हाच फुटतात.

व्हॉट्सॲपवर ईपब 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि सोबत एक ओळ लिहा की ती कुठल्या ॲपमध्ये उघडायची. फाइलच्या नावात आणि आतल्या दुसऱ्या पानावर आवृत्तीची तारीख हवीच, कारण जुनी प्रत गटागटांतून फिरत राहते आणि सुधारलेल्या चुकीची तक्रार पुढच्या वर्षीही येते.